डुबक्याचा दोर

डुबक्याला पूर्ण बदलताना मी लहानपणी एकदाही पाहिलं नाही. दर रविवारी सकाळी तो टीव्हीवर समुद्रात सूर मारायचा, पोटाखालची झाकणं थरथरायची, शेपटीचे दोन भाग व्हायला लागायचे आणि नेमकी तेव्हाच आमच्या गावची लाईट जायची. लाईट जायची वेळ आणि डुबक्याची बदलायची वेळ कोणीतरी संगनमत करून ठरवली असावी, असा माझा पक्का संशय होता. यशवंता टेलरच्या दुकानात जमलेली पोरं वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गोट्या खेळायला पळत. मी मात्र काळ्या पडलेल्या काचेकडे पाहत तशीच बसून राहायचे. यशवंता मशीनच्या चाकाला तेल देता देता म्हणायचा, "जाय ना वं घरी. आता का दुपारपर्यंत लाईट येते?" पुढच्या रविवारी सुरुवातीला मागच्या खेपेचं थोडं दाखवत, त्यात डुबक्या बदलून कामालाही लागलेला असायचा. म्हणजे आधीचा मासा मला ठाऊक होता, नंतरचा कामकरी ठाऊक होता, मधलं काय ते अंधारात होतं. आज मी आयटीआयमध्ये पोरापोरींना फिटरचं काम शिकवते. एखादं यंत्र खोलून टेबलावर मांडलं की वर्गातलं कोणी ना कोणी विचारतं, "मॅडम, तुम्हाला हे वेड कुठून लागलं?" मी गिअरबद्दल काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर लाईट जाण्यात आहे.

टीव्हीवर त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. ते आमच्यापैकी कोणाच्याही जिभेवर बसलं नाही, म्हणून बाबांनी त्याला डुबक्या म्हटलं आणि तेच गावभर झालं. पाण्यावर असताना तो नारिंगी रंगाचा, लांबुळका, धड होडी नाही धड मासा नाही असा. खाली गेला की दोन पायांवर उभा राहायचा, कपाळावर दिवा, एका हाताला बोटं आणि दुसऱ्या हाताला खेकड्याचा आकडा. त्या काळात टीव्हीवरचे बाकीचे लोखंडी गडी नुसते एकमेकांना बदडत. डुबक्या कोणाशी भांडत नसे. तो फुटलेले पाईप सांधायचा, बुडालेली जहाजं उचलायचा, समुद्रातल्या बंधाऱ्यांची दारं उघडायचा. कामाला जायचा आणि काम करून यायचा. म्हणून तर बाबांना तो आवडला.

आम्ही ढिवर, मासेमार. घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून, इतकं लागून की भादव्यात ओसरीवरून पाय खाली सोडला तर ओला व्हावा. चिचगडचा बाजार आमच्या गावाला जवळचा. तिथे माय मासोळी विकायची आणि येताना तेल, मीठ, मिरची आणायची. घरात सकाळी पेज, दुपारी भात आणि रात्री पुन्हा भात. त्याच्यासोबत कधी झिंगे, कधी लाखोरीची डाळ, आणि मरळ सापडली तर त्या दिवशी बाबांची बडबड जेवण संपलं तरी संपायची नाही. ती मरळ कशी गवतात लपली होती, तिने मला कसं पाहिलं, मी तिला कसं पाहिलं, असं ते दरवेळी नव्याने रचून सांगत. माझे बाबा, मोतीराम, हे पंचक्रोशीतले नंबर एकचे बढाईखोर. आवाज असा मोठा की ते घरात कुजबुजले तरी पलीकडच्या काठावरची बगळ्यांची रांग उडावी. माय त्याच्या उलट. तिचं नाव पारबता. ती अगदी कमी बोलायची, आणि बाबांना तर हाक अशी मारायचीच नाही. जेवायला बोलवायचं असेल तर मुसळ जमिनीवर आपटायची. ते पाठमोरे जाळं विणत बसलेले असतील तर उठून जायची आणि खांद्याला हात लावायची. दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो की चिमणी कायम मायच्या तोंडासमोर ठेवलेली असे. आमचा रेडिओ कपाटावर उलटा पडून होता, तो बिघडला आहे असं बाबा सांगत. या सगळ्याचं मला कधी नवल वाटलं नाही. आपल्या घरात जे चालतं ते जगात सगळीकडे चालतं, असंच त्या वयात वाटतं.

नवल मला बाकी सगळ्याचं होतं. काऊन, हा शब्द माझ्या तोंडातून इतक्या वेळा निघे की मायने मला "काऊनबाई" म्हणायला सुरुवात केली होती. पाणी वरून गरम आणि खालून थंड काऊन? मासे झोपतात तेव्हा वाहून जात नाहीत ते काऊन? डुबक्या आल्यापासून सगळ्या प्रश्नांची तोंडं त्याच्याकडे वळली. बाबा माझ्यासोबत टेलरच्या दुकानात येऊन बसू लागले. ते अगदी टीव्हीच्या पुढ्यात बसत आणि मागच्या पोरांची ओरड त्यांच्या कानावर पडत नसे. डुबक्या बोलला की मला कोपराने ढोसत, "काय म्हनला वं तो?" मी हिंदीचं मराठी करून सांगायचे. बाबांना हिंदी येत नाही असं मी धरून चालले होते. गोंदियाच्या मासळी बाजारात हाच माणूस व्यापाऱ्यांशी हिंदीत तास तास भांडायचा, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तरी मी तसं धरून चालले होते. माणूस काय काय धरून चालतो याला सुमार नाही.

डुबक्याबद्दल बाबांचे आक्षेप धंद्यातले असत. त्याने जाळ्यात अडकलेले मासे सोडवले त्या रविवारी ते चिडून उठलेच. "कोनाचा जाळा कापला बे त्यानं? इचारलं का त्याले?" दुसऱ्या एका रविवारी म्हणाले, "तळाची माती उठली का दिवा लावून काही दिसत नाही. हातानंच पाहा लागते. याचे हात तं लोखंडाचे, याले कसं समजन?" मी त्यांना विचारलं, बाबा, हा मासोळीचा माणूस होतो तरी कसा? लाईट गेली होती, दुकानात अंधार होता. ते काही बोलले नाहीत. मी पुन्हा विचारलं, तरी नाही. बाहेर उजेडात आल्यावर मी समोर उभी राहून तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यात काय हाये? पान्यात गेला का मानूसबी बदलते. पाय शेपटी होतात, डोळे बंद होतात, हात पाहाले लागतात. मी नाही का दरसाल होऊन राहिलो?"

ती बढाई नव्हती. आमच्या तलावाला जुनं तुडुम आहे. तुडुम म्हणजे पाळीच्या आतल्या बाजूने पाण्यात उतरत गेलेला दगडी पायऱ्यांचा खांब. त्याच्या प्रत्येक पायरीला एक भोक असतं आणि भोकात लाकडी दट्टा ठोकलेला असतो. धानाला पाणी द्यायचं झालं की पाण्याखाली बुडी मारून दट्टा उपसायचा, मग भोकातून पाणी कालव्याला लागतं. पाणी पुरेनासं झालं की त्याच्याही खालचा दट्टा. वरचे कोणीही काढेल. खालचे काढायला छातीत दम लागतो, कारण दट्टा निघताच पाणी त्या भोकाकडे अशी ओढ घेतं की हात आत गेला तर हात गेला. आमच्या गावात हे काम बाबांचं होतं, त्यांच्या आधी आजोबांचं. त्याबद्दल नव्या धानाची पहिली टोपली आमच्या घरी यायची आणि तुडुमाचा मान म्हणून मंडईच्या जत्रेत बाबांना पागोटं बांधलं जायचं. बुडी मारताना कमरेला दोर असे, आणि त्या दोराचं दुसरं टोक पाळीवर मायच्या हातात. बाईच्या हातात दोर म्हणून लोक आधी कुजबुजले असतील, पण बाबा कोणाचंच ऐकायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, गडी माणूस दोर धरून गप्पा हाणतो. दोर हातात असेपर्यंत तोंड उघडायचं नाही हा नियम, आणि तो मायइतका कोणाला जमणार? दोराची भाषा सोपी होती. एक हिसका, म्हणजे सगळं ठीक, कर तुझं काम. दोन हिसके, म्हणजे असशील तसा वर ये.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या दंडारवाल्यांना चिंता पडली. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दुपारी चौकात दंडार होते, म्हणजे ढोलकीवर गाणी, नाच आणि मधेमधे गमतीची सोंगं. आधीच्या वर्षी शेजारच्या गावाने दंडारीत बांबूचं हेलिकॉप्टर आणून आमचं नाक कापलं होतं. आमचे शाहीर सोनबा पटील, पाणीवाटपाच्या कमिटीतही तेच मोठे, टेलरच्या दुकानात येऊन म्हणाले, "काहीतरी नवीन पाह्यजे गा. त्याइचं हेलिकॉप्टर फिक्कं पडलं पाह्यजे." बाबा तिथेच होते. मी त्यांच्या कानाशी वाकून नव्हे, त्यांच्या तोंडाकडे पाहत म्हटलं, "डुबक्या." पुढचं मला काही करावं लागलं नाही. बाबांनी बसल्या जागी पूर्ण सोंग रचलं: तुडुम अटकलं आहे, शेतकरी काठावर उभे राहून एकमेकांना ढकलत आहेत, कोणीच पाण्यात जात नाही, तेवढ्यात डुबक्या मासोळीसारखा येतो, ढोलकीच्या थापेवर त्याचा माणूस होतो आणि दट्टा उपसून देतो. "अन् डुबक्या मी," असं म्हणून त्यांनी मिशीवर हात फिरवला.

ते पंधरवड्याचे दिवस माझ्या बालपणातले सर्वांत सुखाचे. टीव्हीने जे दाखवलं नाही ते आम्हाला स्वतः शोधून काढायचं होतं. बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, त्यांचा लांबट सांगाडा बांधला, तेलाचे पिपे कापून, ठोकून सपाट केले आणि त्यावर बसवले. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला नारिंगी रंग त्याला फासला. सगळं जमलं, पण बदलायचं कसं ते जमेना. मासा आडवा असतो, माणूस उभा. मी कोळशाने ओसरीवर चित्रं काढायचे, माय ती सारवून टाकायची, मी पुन्हा काढायचे. उत्तर सापडलं ते मायच्याच सुपांत. ती धान पाखडून दोन सुपं एकमेकांना टेकवून ठेवायची. मी पाहत बसले आणि एकदम वाटलं, ही शेपटी आहे. दोन सुपं मागे जोडून धरली तर मासोळीची शेपटी, खाली वळवून फाकली तर डुबक्याचे पाय. बाबा सांगाड्यात पोटावर झोपून चाकाच्या पाटावरून येणार, ढोलकीची थाप पडली की उठून उभे राहणार, सुपं पायांवर येणार, पोटाची झाकणं उघडून ट्यूबच्या रबराने मढवलेले हात बाहेर काढणार. यशवंताने कपाळाला बॅटरी शिवून दिली. मला इतका आनंद झाला की मी रात्री जेवलेही नाही, मायने मात्र मला तिच्या दोन सुपांचा हिशेब मागितला.

तालीम यशवंताच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत. तो ढोलकीला बसला, बाबा पिप्याच्या डोक्यासकट आत शिरले. पाट ढकलला, मासोळी आली, ढोलकीची थाप पडली आणि मासोळी मासोळीच राहिली. पुन्हा थाप. काही नाही. यशवंताने तिसऱ्यांदा अशी वाजवली की शाई निघायची बाकी राहिली. सोनबा पटील वाकून म्हणाले, "मोतीराम, झोपला का गा अंदर?" लोक हसले. कोणीतरी सांगाड्यावर हात मारला तेव्हा बाबा बाहेर आले, लोकांची तोंडं पाहिली आणि यशवंतावरच घसरले. "तुही ढोलकी ढिली हाये. मासोळीलेबी आयकू नाही जायची." सोनबा म्हणाले, उद्या पुन्हा पाहू, नाही जमलं तर दुसरा कोणी आत बसेल. मंडई परवावर आली होती.

घरी माय उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. मी विचारलं, "माय, बाबाले ढोलकी काऊन नाही आयकू आली?" तिने शिंगाडा पूर्ण सोलला, टोपल्यात टाकला. मग म्हणाली, "दोन सालापासून नाही येत. डावा कान तं पुराच गेला. उजवा थोडाथोडा हाये, तोबी चालला."

"मंग सांगत काऊन नाही कोनाले?"

"सांगतलं तं तुडुम जाते. बहिऱ्याले पान्यात कोन उतरवन?" तिने दुसरा शिंगाडा घेतला. "दवाखान्यातली बाई म्हनली, पडद्याले भोक पडलं, आता पान्याखाली जायाचंच नाही. त्यानं मले शपथ घातली, कोनाले सांगजो नको. अन् आता खाली गेला का त्याले गरगरते. वर कोन्तं अन् खाली कोन्तं, कळत नाही. मी दोर ओढतो म्हनून वर येते तो. एखाद्या साली दोर सुटला माह्या हातून, तं?" एका दमात माय इतकं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिचे हात थांबले होते. "मंडई झाली का शेवटचा दट्टा हाये. सगळ्यात खोल."

मी ओसरीवर जाऊन बसले. मुसळ, खांद्यावरचा हात, मायच्या तोंडापुढची चिमणी, उलटा पडलेला रेडिओ, "काय म्हनला वं तो", अंधारात न मिळालेलं उत्तर. सगळं इतकं उघड्यावर पडलेलं होतं आणि मी, काऊनबाई, जगातल्या प्रत्येक गोष्टीला काऊन विचारणारी, हे एवढं विचारायचं विसरले होते. मला रडू आलं नाही. भीती वाटली. बाबा तळाशी आहेत आणि त्यांना वर कुठे आहे ते समजत नाही, हे चित्र एकदा डोक्यात आलं ते गेलंच नाही. थोड्या वेळाने मी आत गेले आणि मायला म्हटलं, ढोलकी नाही तर नाही, दोर तर आहे. सांगाड्यातून कमरेचा दोर मागे पडद्याकडे काढू, थापेबरोबर मी एक हिसका देईन. मायने खुंटीवरचा दोर काढून माझ्या हातात दिला. दोर हातात असेपर्यंत बोलायचं नाही, एवढंच तिने बजावलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते आधी गोरेमोरे झाले, मग म्हणाले, "असंही डुबक्याले दोर पाह्यजेच. बिना दोरचा कोन उतरते?" दुसऱ्या दिवशीच्या तालमीत ते जमलंही.

मंडईच्या दिवशी दुपारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. उसाच्या मोळ्या, शिंगाड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, गोवारी गुराख्यांच्या मोरपिसं बांधलेल्या ढालींसमोर नाचणारी पोरं. माय बायकांच्या बाजूला उभी होती. मी पडद्यामागे दोर मनगटाला गुंडाळून बसले होते, आणि तोंड गच्च मिटलेलं. मासोळी आली. शेतकऱ्यांची ढकलाढकली झाली, लोक हसून झाले. यशवंताची थाप पडली, मी एक हिसका दिला, आणि डुबक्या उठला. सुपं खाली आली, झाकणं उघडली, काळे रबरी हात बाहेर आले, कपाळावरची बॅटरी लागली. पडद्याच्या फटीतून मी लोकांची तोंडं पाहिली. सगळी तोंडं उघडी होती. शेवटी ते मधलं काय असतं, ते मी पाहिलं होतं, आणि ते माझ्या हातात होतं. त्या क्षणाइतका अभिमान मला पुढे कुठल्याच सर्टिफिकेटचा वाटला नाही.

आता बाबांनी सोंगातल्या तुडुमाकडे चालत जायचं होतं आणि तिथे दट्ट्याजवळ थांबून दुसऱ्या हिसक्याची वाट पाहायची होती. थाप पडली. मी दोर ओढला, तो कुठेतरी पडद्याच्या बांबूला अटकला. मी पुन्हा जोराने ओढला, तसा तो बांबूवरून सुटला, झोक गेला म्हणून मी सावरण्यासाठी आणखी एकदा खेचला. म्हणजे दोन हिसके.

बाबांनी दट्ट्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पिप्याचं डोकं भिरकावून दिलं, सांगाडा कडाकडा मोडत बाहेर आले, एक सूप लोकांत जाऊन पडलं. पाण्यातून वर आल्यावर घ्यावा तसा मोठा श्वास घेतला आणि दोर धरून सरळ पडद्यामागे आले. चेहरा पांढराफटक. "काय झाला वं? तुही माय कोठी हाये?"

मी म्हटलं, काही नाही बाबा, दोर अटकला. पण माझा हात तोंडावर होता. त्यांनी माझ्या तोंडावरच्या हाताकडे पाहिलं आणि ओरडले, "काय? जोराने बोल! मले आयकू नाही येत!"

यशवंताची ढोलकी थांबली होती. बाबांचा आवाज मुळातच तलावाच्या पलीकडे जाणारा. पूर्ण मंडईने ते ऐकलं. बायकांच्या बाजूने माय आली, गर्दीने तिला वाट दिली. तिने बाबांच्या छातीवर हात ठेवला, त्यांच्या समोर उभी राहिली आणि ओठ हलवून सावकाश म्हणाली, "सगळे बरे हावोत. मी बरी हावो. पोरगी बरी हाये." तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि आपण काय बोललो ते त्यांना लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. माझा बढाईखोर बाप कमरेच्या दोराशी चाळा करत मान खाली घालून उभा राहिला. असं मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं.

सोनबा पटील वाईट माणूस नव्हते. त्यांनी पागोटं आणलं, बाबांच्या समोर येऊन मोठ्याने म्हणाले, "पान्याखाली कोनाले आयकू येते गा, मोतीराम? मान तुहाच. शेवटचा दट्टा तूच काढजो." लोक हो हो म्हणाले. बाबांची मान वर आली. मला वाटलं, संपलं, सगळं नीट झालं. पण माय पुढे झाली. माझ्या मनगटाचा दोर सोडवून तिने तो गुंडाळी करून काखेत घेतला.

"मान राहू द्या तुमचा," ती म्हणाली, "मानूस मले पाह्यजे. मी दोर धरनार नाही. अन् मी नाही धरला तं तो उतरनार नाही." एवढं बोलून ती घराकडे चालू लागली.

बाबा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे घराचं छप्पर उडाल्यासारखं. मुसळ आपटलं तरी उठत नसत. शेवटी उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला पाणी हवंच होतं. माझा चुलतभाऊ देवराम उतरायला तयार झाला. त्या सकाळी बाबा कोणी न बोलावता पाळीवर आले, दोर घेऊन आलेल्या मायपुढे हात केला, आणि मायने दोर दिला. जन्मात दोन मिनिटं गप्प न बसलेला हा माणूस दोर हातात घेऊन पाळीवर बसला, पाण्यावरची नजर हलू दिली नाही आणि देवराम वर येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. पाणी कालव्याला लागल्यावर मात्र संध्याकाळपर्यंत देवरामच्या किती चुका झाल्या ते सांगत होते. मायने त्यांना भात वाढला, वरून मरळीचे दोन तुकडे जास्त.

डुबक्याचे पिपे पुढे कोंबड्यांच्या खुराड्याला लागले, सूप मायने परत घेतलं, एकच, कारण दुसरं मंडईतून आलंच नाही. तुडुमाला आता लोखंडी दार बसलं आहे, वरून चाक फिरवलं की उघडतं. बाबांचा उजवा कानही गेला. माय जाऊन काही वर्षं झाली. तिचा दोर खुंटीवर आहे, तो काढायचं कोणाच्या मनात येत नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या एका विद्यार्थिनीने मोबाईलवर तो जुना डुबक्या शोधून काढला. मी तिला गोष्ट सांगितली होती, बदलण्यापुरती, पुढची नाही. मी वर्गात सगळ्यांसमोर पाहिला. त्याने सूर मारला, झाकणं थरथरली, शेपटी दुभंगायला लागली, मग एक पांढरा झगझगाट आणि डुबक्या उभा. बस्स. ना बिजागरी, ना पट्टा, ना गिअर. ज्यांनी तो बनवला त्यांनाही मधलं ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी ज्यासाठी लाईटला शिव्या दिल्या ते लाईट असतानाही नव्हतंच. आमची दोन सुपं कितीतरी बरी, असं मी पोरापोरींना म्हटलं आणि त्यांना काही कळलं नाही.

गावी गेले तेव्हा माझ्या मोबाईलवर तो डुबक्या लावून बाबांच्या हातात दिला. ते ओसरीवर बसले होते. मोबाईल डोळ्यांजवळ धरून त्यांनी पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. मी वाट पाहत होते की आता म्हणतील, काय म्हनला वं तो. ते म्हणाले, "याचा दोर कोठी हाये?"

मी मान हलवली. दोर नव्हता.

"मंग याले वर कोन बोलावते?" बाबांनी विचारलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, खुंटीकडे पाहत होते. त्यामुळे मी काही बोलले असते तरी त्यांना कळलं नसतं. आत वाढलेला भात निवत होता. मी त्यांच्याजवळ गेले आणि सदऱ्याची बाही धरून ओढली, एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.

"येऊन राहिलो ना वं," असं तलावाच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत ते उठले.